उकिडवं बसून उठता येणं

ज्योती, समोर असतीस तर म्हटलं असतं, इकडं ये, जवळ बस अशी. तो फोन खाली ठेव आधी. काट्यावर उभ्या राहिलेल्या तुझ्या पावलांचा फोटो मी बघितला, त्यातला आकडाही बघितला. खाली तू लिहिलं होतंस, 'मावशी, तुझं डाएट पाठव ना, तू कसली बारीक झाली होतीस.' वाचून मला राग नाही आला बाई, शिसारी आली. तुझी नाही, तुझी कशी येईल. त्या 'कसली बारीक'ची आली. तू माझ्या सख्ख्या बहिणीची लेक. चिकलठाण्याला कारखान्यात माल तपासायचं काम करतेस, बारीकशी चीरसुद्धा तुझ्या नजरेतून सुटत नाही म्हणतात. आणि मावशी बारीक झाली नव्हती, विरत चालली होती, हे तुला दिसलं नाही व्हय?

जाऊ दे. तुला एकटीला काय बोलायचं, कुणालाच दिसलं नव्हतं. म्हणून आता सगळं लिहूनच काढते. मी काही लेखिका नाही. सातवीत शाळा सुटली, पुढचं जे काय आलं ते लायब्ररीची पुस्तकं वाचून आलं. बोलते तसंच लिहिते. तुझ्या निमित्तानं आणखी कुणी बाई वाचेल. तिचंही सध्या असंच कौतुक चाललेलं असेल आणि आतून मात्र तिला बरं वाटत नसेल. तिच्या कामी आलं तर चांगलंच.

जाडी होते तेव्हा

मी जाडीच होते, त्यात लपवायचं काय. कान दुखतो म्हणून दवाखान्यात गेले तरी डॉक्टर म्हणायचे, वजन कमी करा. लग्नात भेटलेली माणसं 'कशी आहेस' विचारायच्या आधी पोटाकडं बघायची. रिक्षावाला म्हणायचा, काकू, जरा मधी बसा. साठी ओलांडली तरी हे सुटलं नाही.

पण ज्योती, ती जाडी मी काय काय करत होते ते तुला माहीत आहे. दर महिन्याला मी देवगाव रंगारीची एसटी धरायची आणि तुझ्या आईला न्हाऊ घालायला जायची. आक्काचा खुबा मोडला, ऑपरेशन झालं, ती वॉकर धरून न्हाणीपर्यंत जायला लागली. पण दगडावर बसून स्वतःचं डोकं धुणं काही तिला जमेना. सुनेपुढं उघडं व्हायला ती तयार नाही. तू यायचीस घाईत, दोन तासांसाठी, तुला ती सांगायचीच नाही. लेकीला कशाला त्रास, म्हणायची. मग राहिले मी. मी तिच्या दगडाशेजारी उकिडवी बसायची, शिकेकाईनं डोकं धुवायची, पाठ चोळायची, पाय चोळायची, मग तिचं ओलं लुगडं पिळून वाळत टाकायची. सगळं करून उठायची, आणि पुन्हा चुलीपुढं भाकरी टाकायला बसायची. एवढी जाडी बाई. कुणी कधी म्हटलं नाही की बघा, ही किती धडधाकट आहे. ते कुणाला दिसायचं नाही. दिसायचं ते पोट.

गल्लीच्या तोंडावरचा फ्लेक्स

आमच्या कॉलनीच्या महिला मंडळानं वजन घटवायची स्पर्धा काढली. नाव दिलं 'सुडौल सखी'. दर शनिवारी सभागृहात जमायचं, चपला काढून काट्यावर चढायचं आणि मंडळाच्या अध्यक्षबाईंनी आकडा मोठ्यानं वाचायचा. सोबत कुणीतरी आणलेली पावडर पाण्यात ढवळून प्यायची. बाई गं, ती पावडर. भिजलेल्या पुठ्ठ्याला व्हॅनिला लावलं तर जसं लागेल तसं. ग्लासाच्या तळाशी तिचा चिकट थर बसायचा, बोटानं सुटायचा नाही.

पहिल्या काही आठवड्यांत माझं काहीच उतरलं नाही. मग एकदम उतरायला लागलं. मला भूक लागेना. दोन घास खाल्ले की पोट गच्च. संध्याकाळी अंगात कसकस, कपाळ गरम. मी म्हटलं, पावडरीचा गुण. अध्यक्षबाई म्हणाल्या, "बघा बघा, ह्याला म्हणतात जिद्द." पोट दुखायचं तर म्हणाल्या, "चरबी वितळते ना, तेव्हा दुखतं." आणि मी मान डोलावली. कारण ज्योती, आयुष्यात पहिल्यांदा मी काट्यावर चढले की बायका टाळ्या वाजवत होत्या.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला पहिला नंबर दिला. शाल, नारळ, गळ्यात हार. तेवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण निवडणुकीची हवा होती. आमच्या वॉर्डातून उभं राहू बघणाऱ्या एका भाऊंनी गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स लावला. डावीकडं माझा जुना, गुबगुबीत फोटो. उजवीकडं नवा, गालाची हाडं वर आलेला, हसताना दातच दात. मधोमध 'हार्दिक अभिनंदन', आणि खाली हात जोडलेले भाऊ, माझ्या दुप्पट आकाराचे.

औरंगपुऱ्याच्या बाजारात ब्लाउज शिवायला टाकायला गेले तर तिथंसुद्धा एका अनोळखी बाईनं हात हातात घेतला. "तुम्हीच ना त्या फ्लेक्सवरच्या? काय खाता हो?" मी काहीच खात नव्हते. पण तिला मी ज्वारीची भाकरी, भाजी, सकाळी गरम पाणी असं सगळं सांगितलं. ती मान हलवत ऐकत होती आणि मला दुकानाच्या पायरीवरून खाली उतरताना भिंत धरावी लागत होती.

न्हाणीत

त्यानंतर आठवड्याभरात देवगावला गेले. नेहमीसारखं आक्काला दगडावर बसवलं, पाणी काढलं, मी शेजारी उकिडवी बसले, तिच्या डोक्याला शिकेकाई लावली. तोल जाऊ नये म्हणून ती माझा दंड धरते. त्या दिवशी तिनं धरला आणि सोडलाच नाही.

"तुझा दंड कुठं गेला?"

"वजन कमी केलंय आक्का. बक्षीस मिळालं मला."

"पदर काढ."

"अगं, पाणी गार होतंय."

"काढ म्हणलं ना."

तिनं ओल्या बोटांनी माझ्या गळ्याखालची हाडं चाचपली, मग पाठीवरून हात फिरवला. भाजीवालीकडं नासलेलं काही हाताला लागलं की तिचं तोंड व्हायचं तसं झालं. "ह्याला बक्षीस दिलं? त्या बायांना डोळे नायत व्हय? हे केल्यावानी नाय दिसत. हे झाल्यावानी दिसतंय. काय झालंय तुला?"

मी काहीतरी बोलायचं म्हणून उठायला गेले आणि उठताच येईना. मांड्यांत जीवच नव्हता. पुन्हा जोर केला आणि बदकन मागं पडले, गार पाण्यात, शिकेकाईच्या फेसात. दगडावर डोक्याला शिकेकाई चोपडलेली आक्का, खाली चिखलात मी. दोघींपैकी एकीलाही उठता येईना. आधी हसलो. मग तुझ्या वहिनीला हाक मारली. ती आली, दाराशीच थबकली. आक्का अंगाभोवती लुगडं गुंडाळत म्हणाली, "माझ्याकडं बघू नको, आधी तिला उचल."

निघताना आक्का म्हणाली, "दवाखान्यात जा. आणि पुन्हा येशील ती धड होऊन ये. तोवर माझ्या डोक्याला मी कुणाचा हात लावू देणार नाय."

मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलली. तुझ्या आईचा हट्ट मी विसरले होते.

निदानाचा दिवस

मोठ्या सरकारी दवाखान्यात तपासण्या झाल्या. पोटात पाणी साठलं होतं. ते सुईनं काढलं, गढूळ, काविळीच्या रंगाचं. आतला तुकडा काढून तपासायला पाठवला. मग त्या डॉक्टरीणबाईंनी मला, तुझ्या काकांना आणि प्रशांतला समोर बसवलं. पोटाचा टीबी, म्हणाल्या.

माझा प्रशांत एवढा शिकलेला, तो म्हणाला, "पण आई खोकत नाही." काकांनी टोपी काढली, आतून पुसली, पुन्हा घातली.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "वजन कधीपासून उतरतंय?" मी सांगितलं. "मग आधी का नाही आलात?" काकांनी खिशातून फोन काढला आणि फ्लेक्सचा फोटो त्यांच्यापुढं धरला. बाईंनी तो फोटो मोठा करून नीट बघितला, फोन परत दिला आणि म्हणाल्या, "बाई न ठरवता बारीक होते तेव्हा आधी आमच्याकडं यायचं, मग हार घालायचे." आवाज चढवला नाही, पण त्यांच्या तोंडाला कडू आलेलं मला दिसलं. मला त्यांची ती किळस बरी वाटली. इतक्या महिन्यांत माझं शरीर बघून योग्य तोंड केलेल्या त्या दुसऱ्याच. पहिली आक्का.

टीबी म्हटल्यावर डोळ्यांपुढं काय येतं ते तुला सांगायला नको. आमच्या लहानपणी गावाच्या कडेला एक माणूस खोकून खोकून गेला. त्याची गोधडीसुद्धा जाळली होती. रात्रभर मला त्या गोधडीचा वास येत होता. आज सांगते, वाचणाऱ्या सगळ्यांनाच सांगते. गोळ्या पुऱ्या केल्या तर हा बरा होतो. मध्येच सोडल्या तर नाही. एवढं धरून ठेवा, बाकीची भीती आपोआप खाली बसते.

वॉर्डातले दिवस

वॉर्डात सकाळ फिनाईलनं व्हायची. तोच फडका संडासातून निघून आमच्या खाटांखाली फिरायचा. नाक दाबून झोपायची सोय नाही, तोंडानं श्वास घेतला तर ती चव जिभेवर. संडासाचं काय सांगू. कडी तुटलेली, खाली पाणी तुंबलेलं, कुणाचं काय पडलेलं. तिथं मला उकिडवं बसता येईना. एका हातानं नळ धरायचा, दुसऱ्यानं साडी वर धरायची, आणि पाय असे थरथरायचे की कधी आपण त्याच घाणीत पडू सांगता येत नव्हतं. मला मरणाची भीती तेवढी वाटली नाही जेवढी तिथं पडायची वाटली.

मग गोळ्या. त्यांचा डोस वजनावर ठरतो, म्हणून तिथं काटा कामाचा, एवढं कबूल. पण गोळी घशाखाली गेली की तासाभरात पोट उलटं. लघवी नारिंगी, घामसुद्धा पिवळसर, ब्लाउजच्या काखा डागाळलेल्या. स्वतःच्या अंगाचा वास स्वतःला सोसवेना. फोडणीचा वास आला की तोंडाला पाणी सुटायचं, पण ते ओकारीचं.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवते. मी ओकायची तेव्हा तुझे काका घमेलं धरायचे आणि तोंड फिरवायचे नाहीत. शेजारच्या खाटेवरच्या बाईचा नवरा बिचारा नाकाला रुमाल लावायचा, तसं नाही. ते बघत राहायचे, जसं मशीनमधून निघणारं तेल बघत असतील कारखान्यात. मी म्हटलं, "तिकडं बघा की." तर म्हणाले, "काय पडतंय ते बघायला नको का? डॉक्टर विचारतात." चाळीस वर्षांत ह्या माणसानं मला एकही गोड शब्द म्हटला नसेल. पण हे केलं.

खूण केलेला कप

घरी आले तर गल्लीच्या तोंडाशी मी तशीच हसत टांगलेली. रिक्षात एक मी, फ्लेक्सवर दुसरी. काकांनी त्याच दिवशी स्टुल नेऊन दोऱ्या कापल्या.

घरात माझ्या कपाला नखाला लावायच्या लाल रंगाचा ठिपका होता. ताटालाही. शीतलनं केलं होतं, सूनबाईनं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की छाती साफ आहे, हा असा कपातून पसरत नाही. पण घरात लहान नातू, ती घाबरली. तरी त्या ठिपक्यानं मला जेवढा वीट आला तेवढा वॉर्डातल्या फडक्यानं आला नसेल. चहा प्यायची तेव्हा ठिपका माझ्या बाजूला येईल असा कप फिरवून धरायची, तिला दिसावा म्हणून. बायका किती वाईट असतात बघ, दोघी.

दीडेक महिन्यानं शीतलच भांडी घासताना म्हणाली, "आई, तो रंग निघत नाही आता." म्हटलं, "रॉकेलनं निघेल." तिनं मान खाली घातली. "माझी एक आत्या टीबीनं गेली होती, तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं." मग आम्ही दोघींनी मिळून ते ठिपके खरवडले.

पुन्हा काटा

आता ऐक, खरी चीड इथं आहे.

देवगावहून निरोप आला की आक्का डोक्याला रुमाल बांधून बसते, कुणाला हात लावू देत नाही. नुसतं अंगावर पाणी घेते. तू गेलीस तेव्हाही रुमाल असेल बघ. तुला वाटलं असेल थंडी वाजते म्हणून. मी म्हटलं, मला जायचंय. प्रशांत म्हणाला, "वजन भरल्याशिवाय गावाचं नाव नको." त्यानं काटा विकत आणला आणि बेसिनखाली ठेवला. जो आकडा पडावा म्हणून टाळ्या वाजत होत्या, तोच आता चढावा म्हणून घर माझ्या उरावर बसलं. डिंकाचे लाडू, तूप, अंडी, केळ्याचं शिकरण. मंडळाच्या अध्यक्षबाई भेटायला आल्या, त्या हाच सल्ला घेऊन, आणि सोबत वजन वाढवायच्या पावडरीचा डबा घेऊन. बाई, त्याच कंपनीचा. मी त्यांच्यादेखत तो मोरीत रिकामा केला नाही ही माझी सभ्यता.

आकडा चढला. प्रशांत खूश. "आता आणखी दोन किलो, की मी स्वतः गाडीनं सोडतो." आणि तेही झाले एकदाचे. सकाळी काट्यावर उभी राहिले, सगळे बघायला जमले, नातूसुद्धा. त्याच दिवशी दुपारी शेजारच्या घरी वास्तूचं जेवण होतं. मी म्हटलं, आता काय, मी बरी झाले. सगळ्यांबरोबर खाली पाटावर बसले. जेवून उठायला गेले आणि न्हाणीतल्यासारखंच झालं. मांड्या नुसत्या मेणाच्या. लोक हात धुवायला गेले, उष्टी ताटं उचलली, मी आमटी सांडलेल्या सतरंजीवर बसूनच. शेवटी दोन पुरुषांनी काखेत हात घालून मला उचललं. त्यातला एक ओळखीचाही नव्हता. त्याच्या अंगठ्याला बासुंदी लागलेली होती, ती माझ्या ब्लाउजला लागली. घरी येऊन मी तो ब्लाउज बादलीत टाकला आणि वर फरशीवर बसून रडले. म्हणजे खुर्चीवर बसून. फरशीवर बसता येत असतं तर रडले कशाला असते.

उतरला तेव्हा आकडा खोटं बोलला, चढला तेव्हाही खोटंच बोलला. पोट, गाल भरले होते. पाय कुणी भरले नव्हते.

रात्री प्रशांत म्हणाला, "उद्या निघू या देवगावला?"

"नाही," म्हटलं.

"आता काय झालं? तुलाच घाई होती ना?"

"तिथं जाऊन मी काय करू? खुर्चीवर बसून आक्काच्या डोक्यावर पाइपनं पाणी मारू?"

अवघड पेपर

डॉक्टरीणबाईंनी मला व्यायाम शिकवणाऱ्या फरहीनकडं पाठवलं. पोरगी तिशीची असेल, हिजाब बांधलेला, आवाज खणखणीत, निम्मं मराठी निम्मं हिंदी. तिनं विचारलं, "काकू, आपल्याला काय करायचंय?"

"वजन झालंय आता माझं बरोबर."

"वजन डॉक्टर देख लेंगे. तुम्हाला काय करता आलं पाहिजे ते सांगा."

ज्योती, इतकं आयुष्य झालं, दवाखान्यात हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "न्हाणीत उकिडवं बसून उठता आलं पाहिजे. हातात भरलेला तांब्या घेऊन. ओलं लुगडं पिळता आलं पाहिजे. आणि एसटीची पायरी कुणी न ओढता चढता आली पाहिजे."

ती पेन थांबवून बघत राहिली. "तांब्या भरलेला? काकू, लई अवघड पेपर काढला तुम्ही." मग म्हणाली, "ठीक है. खुर्चीपासून सुरू करू."

खुर्चीतून हात न लावता उठायचं. ते जमलं की कमी उंचीचं स्टुल. मग जाड पाट. मग भिंतीला पाठ लावून घसरत खाली, घसरत वर. ओला टॉवेल दाराच्या कडीला बांधून पिळायचा. जिन्याच्या पहिल्या पायरीवर चढ, उतर, चढ, उतर, नातू कंटाळेपर्यंत. घाम, दम, मांड्यांत पेटके. मला व्यायामाची गोडी लागली वगैरे काही नाही हं. मला त्याचा रोज कंटाळा यायचा. पाटावरून उठताना तोंडातून जो आवाज निघायचा तो म्हशीचा. एकदा शीतल मागून कमरेचा पदर धरून उभी होती, मी जोर केला आणि वारा सुटला. ती पोरगी हसून हसून खाली बसली. मी म्हटलं, "बसलीस ना? आता हात न लावता ऊठ." तिलाही पटकन जमलं नाही. तिशीतली बाई, दिवसभर ऑफिसात खुर्चीत.

प्रशांतला हे पटत नव्हतं. "आई, रिपोर्ट नॉर्मल, वजन नॉर्मल, आता कशाला जीव काढतेस?" मी म्हटलं, "तुझं नॉर्मल कागदावर आहे, माझं जमिनीवर." त्याला लागलं ते. पण दुसऱ्या दिवशी त्यानं बेसिनखालचा काटा उचलून माळ्यावर टाकला. आपण होऊन, मी न सांगता.

गोळ्यांचा कोर्स संपला. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झालं. तरी मी निघाले नाही. भिंत सोडून बसायला आणि उठायला आलं, तेव्हाच पिशवी भरली. एसटीत चढताना कंडक्टरनं हात पुढं केला. म्हटलं, "राहू दे बाबा, बघू दे मला." मागचे लोक कुरकुरले. चढले.

देवगावला

आता जे लिहिते ते तुझ्यासाठी आहे. इतर वाचणाऱ्यांनी हवं तर इथं थांबावं.

तुझ्या आईनं रुमाल सोडला तेव्हा मला मागं सरकावंसं वाटलं. खोटं कशाला बोलू. आंबूस, कुजट वास. केसांचा एकच गोळा झालेला, लोकरीच्या जाड नमद्यासारखा, त्यात उवा, कानामागं खपल्या. मी म्हटलं, "आक्का, ही काय दशा करून घेतलीस? सुनेला हात लावू दिला असता तर मेली असतीस?"

"तू येणार होतीस ना."

"आणि नसते आले तर?"

"मग कशाला धुवायचं?" ती सरळ म्हणाली.

मला ओकारी येत होती आणि हात थांबत नव्हते. तेल लावून गुंता बोटांनी सोडवला, सुटला नाही तिथं कापला. दगडावर बसवलं. उकिडवी बसले. गुडघे कटकन वाजले, ते तिनं ऐकलं. पहिलं पाणी काळं निघालं. दुसरं राखाडी. उवा फेसाबरोबर मोरीकडं वाहत होत्या आणि मी तांब्यावर तांब्या ओतत होते, जोपर्यंत तिच्या भांगातली गोरी कातडी दिसली नाही तोपर्यंत.

मग बादलीतलं पाणी संपलं. हंडा दाराशी होता. म्हणजे उठायचं होतं.

आक्कानं माझ्याकडं बघितलं. ह्या बाईला स्वतःला वॉकरशिवाय उभं राहता येत नाही, आणि तिनं ओला हात पुढं केला. "धर."

"नको. नुसती बघ."

टाचा टेकवल्या. जोर केला. अर्ध्यावर अडकले, मांड्या थरथरायला लागल्या, फरशीवर पाय जरासा सरकला. भिंत हाताशी होती. बोटं टेकवली, खोटं सांगत नाही, चार बोटं टेकवली. आणि उभी राहिले. हंड्यातून भरलेला तांब्या हातात घेऊन तिच्यापुढं उभी राहिले.

मला वाटलं, आता काहीतरी म्हणेल. डोळ्यांत पाणीबिणी येईल. तिनं वरून खालपर्यंत माझ्याकडं बघितलं आणि पाठ वळवून म्हणाली, "पाठ राहिली माझी."

मग मी पुन्हा बसले.

त्याला आता पंधरवडा झाला. मी इथंच आहे, ओसरीवर बसून हे लिहितेय, खाली, सतरंजीवर. तुझ्या आईचे केस मऊ झालेत, विरळ झालेत पण पांढरेशुभ्र दिसतात. मला धुता येतात, वेणी घालता येत नाही. गोळ्यांपासून बोटांना मुंग्या येतात, पेड निसटतात. तुझ्या वहिनीला ती अजून हात लावू देत नाही. काल फणी हातात घेऊन बसली होती. मी विचारलं, काय गं? तर म्हणाली, काय नाय, ज्योती शाळेत असताना माझी वेणी घालायची, लई घट्ट घालायची, डोळे ओढले जायचे.

ती तुला बोलावणार नाही. मी बोलावतेय. दोन तासांसाठी येऊ नको, मुक्कामाला ये. ह्या रविवारी जमलं तर ह्याच रविवारी ये.